लांजेवारांची आवाजबंद खोली

"काका, तुम्ही जरा बाहेर बसा," या एका वाक्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

वाक्य म्हणणारा रेकॉर्डिंग स्टुडिओचा मालक होता. केसांची मागे शेंडी बांधलेला, वागायला सभ्य. त्याने प्यायला पाणीही दिलं होतं. पण धर्मेंद्र लांजेवार हे एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. 'बाहेर बसा' हे वाक्य त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलेलं. ते बोलायचं असतं, ऐकायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती. त्यातून आतल्या काचेपलीकडे त्यांची स्वतःची मुलगी उभी. तिच्या बापाला बाहेरच्या बाकड्यावर, पंख्याच्या टप्प्याबाहेर बसवावं? धर्मेंद्र उठले, अपेक्षाला हाताला धरून बाहेर आणलं आणि स्कूटरला किक मारता मारता जाहीर केलं, "आपण घरीच स्टुडिओ बनवू. काय लागते त्याले? एक खोली अन् एक दरवाजा!"

अपेक्षा मागे बसली. ती सोळा वर्षांची होती आणि महाराष्ट्रातली बरीच जनता तिला ओळखत होती. म्हणजे तिला नाही, तिच्या गाण्याला. गेल्या उन्हाळ्यात तिने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाइलवर एक गाणं म्हटलं होतं. 'सूर्या, काहून तापून राहिला गा?' एवढीच त्याची ओळ, तीच फिरवून फिरवून. नागपुरात त्या दिवसांत पारा असा चढला होता की सूर्याला हा प्रश्न प्रत्येकालाच विचारायचा होता, फक्त चाल सुचत नव्हती. गाणं ऑटोवाल्यांच्या फोनमध्ये गेलं, लग्नाच्या वरातीत गेलं, पार मौद्याच्या वीजकेंद्रातल्या कामगारांनी त्यावर नाचून व्हिडिओ काढला. धर्मेंद्रना कचेरीत लोक 'सूर्यावालीचे बाबा' म्हणू लागले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा फायलीचं काम असेल म्हणून ते चष्मा पुसत गेले, तर साहेबांच्या सौभाग्यवतींना पोरीचा शुभेच्छा-व्हिडिओ हवा होता.

मग मुंबईहून एका म्युझिक कंपनीचा फोन आला. बोलणारी नूपुर नावाची मुलगी फार गोड होती. कंपनीला अपेक्षाचं दुसरं गाणं करायचं होतं. गाणं कंपनीचं, आवाज अपेक्षाचा, आणि नाव 'अ‍ॅपी'. अपेक्षा हे नाव म्हणे फार लांब होतं. करार मागाहून येणार होता, आधी नमुना पाठवायचा. अपेक्षाने तो घरीच गाऊन पाठवला.

"सर, मागे सतत घरघर ऐकू येतेय," नूपुर म्हणाली.

"कूलर आहे," धर्मेंद्र कंपनीशी बोलताना पुस्तकी मराठी वापरत.

"आणि मधे शिट्टी?"

"कुकर."

"आणि सर, दुसऱ्या कडव्यानंतर 'मीठ टाकलं काय वं' असं कोणी तरी म्हणतंय. ते लिरिक्समध्ये नाहीये."

त्या गोपिकाबाई होत्या, अपेक्षाच्या आई. त्यांचं म्हणणं असं की वरणात मीठ टाकलं की नाही हे त्याच वेळी विचारणं गरजेचं होतं. म्हणून आधी तो भाड्याचा स्टुडिओ झाला, आणि तिथे ते बाकडं झालं.

मनीषनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये देवघराला लागून एक सामानाची खोली होती. तिच्यातल्या गाद्या, कुंड्या, जुना कूलर आणि गोपिकाबाईंच्या माहेरची शिलाई मशीन बाहेर हॉलमध्ये आली आणि तिथेच राहिली. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज मरतो, असं कोणीसं सांगितलं. धर्मेंद्र पिढीजात माळकरी. अंड्याच्या दुकानासमोर ते तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले आणि "नुसते ट्रे द्या, अंडी नको," असं हळू आवाजात म्हणाले. दुकानदार मोठ्याने म्हणाला, "अरे, सूर्यावालीचे बाबा! कितीक देऊ अंडे?" रस्त्यावर चार ओळखीचे होतेच. अशा वेळी ते असतातच.

ट्रे लागले. तरी रेल्वे ऐकू येत होती. मनीषनगरात राहायचं तर रेल्वे ऐकावीच लागते. सकाळी कोणती गाडी उशिरा आली हे इथली लहान मुलंही चादरीतून सांगतात. तेव्हा सल्ला देण्यासाठी खालच्या मजल्यावरचे वामनराव वर आले. वामनराव निवृत्त होते, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या घरातलं काम म्हणजे बसल्या जागी पुन्हा मिळालेली नोकरी.

"कागदानं कुठी आवाज थांबते काय गा?" ते ट्रेवर टिचकी मारत म्हणाले. "आमच्या गावी बर्फाची लादी तणसात ठेवत. अख्खा उन्हाळा जाये, लादी जागची हालत नसे. जे गरमीले थांबवते ते आवाजाले नाई थांबवणार? तणस भर भिंतीत!"

बर्फाचा आणि आवाजाचा संबंध धर्मेंद्रना पटला नाही. पण नको म्हणण्याइतकं कारणही सापडलं नाही. शिवाय तणस म्हणजे भाताचा पेंढा, आणि तो फुकट मिळणार होता. त्यांचे मेहुणे रामाजी कुहीला धानाची शेती करत. बहिणीच्या घरून पहिल्यांदाच काही मागणी आली म्हणून रामाजींनी मनापासून पाठवलं. दोन पोती अपेक्षित होती. आला भरलेला छोटा हत्ती टेम्पो, इतका उंच की गाडी कुठे संपते आणि तणस कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. आणि त्या गाडीमागून, वाटेत जमत गेलेल्या, मनीषनगरातल्या मोकाट गायी शांतपणे चालत आल्या.

गायी फाटकापाशी बसल्या. दुसऱ्या दिवशीही होत्या. अर्धं तणस प्लायच्या दोन थरांत दाबून भिंतीत गेलं, उरलेलं गच्चीवर ठेवलं. वारा सुटला की त्याचा दरवळ खाली जाई आणि गायी मान वर करून लांजेवारांच्या खिडकीकडे बघत हंबरत. एवढा आवाज तर आधीही नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरी रंभाबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांची चप्पल शेणात गेली आणि त्याच संध्याकाळी लेखी नोटीस आली. पाठोपाठ कोणा अज्ञात नागरिकाच्या तक्रारीवरून महापालिकेचे एक तपासनीस साहेब आले. त्यांनी तणस पाहिलं, गायी पाहिल्या, वहीत लिहिलं. 'निवासी गाळ्यात गोठा चालवल्याबद्दल खुलासा द्यावा.'

"अहो, माझ्याकडे गाय नाही!" धर्मेंद्र म्हणाले.

"मग तसा दाखला आणा."

"कसला?"

"गाय नसल्याचा."

धर्मेंद्र जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "दाखला देतो, पण जनावर तपासल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. गाय घेऊन या."

"गाय नाहीच ना डॉक्टर. म्हणूनच आलो."

"तेच म्हणतो. गाय पाहिल्याशिवाय गाय नाही असं कसं लिहू?"

बाहेर येऊन धर्मेंद्र झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. यात चूक कुठे आहे ते त्यांना कळत होतं. पण आपणही आजवर लोकांना याच धर्तीची उत्तरं दिली आहेत, आणि ती देताना फार समाधान वाटलं आहे, हेही आठवत होतं. वामनराव म्हणाले, एखादी गाय भाड्यानं ने आणि ही माझी नाही म्हणून लिहून घे. हा सल्ला तेवढा त्यांनी ऐकला नाही. शेवटी प्रश्न गायींनीच सोडवला. गच्चीवरचं तणस वाऱ्याने खाली येत होतं, ते त्यांनी आठवडाभरात संपवलं आणि दुसऱ्या गल्लीत निघून गेल्या. तपासनीस परत आले, जागा रिकामी पाहून खूश झाले आणि शेरा मारून गेले, 'जनावरे हलविण्यात आली.' लांजेवारांकडे गायी होत्या आणि त्यांनी त्या हलवल्या, ही नोंद आता सरकारदरबारी कायमची झाली.

या सगळ्या धांदलीत अपेक्षा कॉलेजला जाई, बारावीचा अभ्यास करी, आणि संध्याकाळी हॉलमधल्या कुंड्या ओलांडून वडिलांना फेव्हिकॉलचा डबा नेऊन देई. दोन-तीनदा ती म्हणाली, "बाबा, मले ना तुमच्याशी त्या गाण्याबद्दल बोलाचं होतं."

"बोलू, बोलू. आधी दरवाजा लागू दे."

दरवाजा हे या खोलीचं शिखर. साध्या दारातून आवाज जायचा. तेव्हा वामनरावांनी भंगार बाजारात एक दार हेरलं. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या कारखान्यातलं, वीतभर जाड, बाहेरून लांबलचक लोखंडी दांडी. आतल्या बाजूला दाबायची गोल मूठ. ते जिन्यातून वर चढवायला सहा माणसं लागली आणि रंभाबाईंच्या तुळशीची कुंडी गेली. दार लागलं. धर्मेंद्र आत जाऊन ओरडले, गोपिकाबाई बाहेर कान लावून उभ्या राहिल्या.

"काय म्हटलं मी?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"काहीच नाई ऐकू आलं."

लग्नानंतर बायकोच्या तोंडून हे वाक्य ऐकून त्यांना प्रथमच आनंद झाला.

मग त्यांनी दारावर लाल बल्ब लावला. त्याचं बटण आत. बल्ब पेटला की रेकॉर्डिंग चालू, आणि कोणीही दार ठोठावायचं नाही, हाक मारायची नाही, हॉलमध्ये चप्पल घालून चालायचं नाही. हा आदेश त्यांनी घरात तोंडी आणि बिल्डिंगमध्ये कागदावर दिला. फोन आत न्यायचा नाही, घुर्र घुर्र येते. पंखा नाही, कूलर तर नाहीच.

मे महिन्यातल्या एका दुपारी मुहूर्त ठरला. कंपनीला गाणं त्या संध्याकाळपर्यंत हवं होतं. धर्मेंद्रनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, अपेक्षा माइकपुढे उभी राहिली, आणि त्यांनीही आत येऊन लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं, लाल बल्ब पेटवला आणि जाड दार धप्पकन लावून घेतलं.

अपेक्षाने गायला सुरुवात केली. 'ओ माय बेबी, कनेक्ट हो ना.' एकदा झालं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती मधेच थांबली. खोली भट्टीसारखी तापली होती. तणसाचा उग्र वास उठला होता. धर्मेंद्रच्या बनियनमधून घाम पायापर्यंत आला होता.

"पाच मिनिटं बाहेर जाऊ," ते म्हणाले आणि त्यांनी मूठ दाबली.

मूठ त्यांच्या हातात आली.

त्यांनी ती परत बसवली. ती परत हातात आली. त्यांनी दार ढकललं, खांदा लावला, लाथ मारली. मग ओरडले. "गोपिका! अवं गोपिका!! वामनराव!!!" भिंतींनी सगळं गिळून टाकलं. खोली अप्रतिम झाली होती.

"बल्ब बंद करा बाबा," अपेक्षा म्हणाली. "आईले समजन."

त्यांनी बल्ब बंद केला. बाहेर हॉलमध्ये तेव्हा काय घडलं ते नंतर कळलं. वामनराव कुतूहलाने येऊन बसले होते. बल्ब विझलेला पाहून ते हळूच कुजबुजले, "बल्ब गेला वाटते." मग अनवाणी पायांनी खाली जाऊन स्वतःच्या घरचा नवा बल्ब घेऊन आले, स्टुलावर चढले आणि आवाज न करता तो बसवला. तो लागेना. "होल्डर गेलं," त्यांनी निदान केलं आणि आत अडथळा नको म्हणून गोपिकाबाईंनाही बोलू दिलं नाही. धर्मेंद्रचा हुकूम त्या घरात इतक्या काटेकोरपणे कधी कोणी पाळला नव्हता.

आत धर्मेंद्र जमिनीवर बसले. हातात मूठ. कपाळावर ट्रेचा एक तुकडा चिकटलेला.

"सगळ्यायनं मले येड्यात काढलं," ते म्हणाले. "त्या स्टुडिओवाल्यानं, त्या डॉक्टरनं, गाईंनी. अन् हे सारं कोणासाठी? तुह्यासाठी. अन् तू तं गाऊन बी नाई राहिली धड."

"मले नाई गाता येत हे गाणं, बाबा."

"काहून?"

"तुम्ही ऐकलं काय ते?"

"ऐकून तं राहिलो."

"नाई. शब्द ऐकले काय? त्या गाण्यात मी वायफाय हाय, बाबा. तो मले पासवर्ड मागते."

धर्मेंद्रनी तिच्याकडे पाहिलं. अंड्यांच्या ट्रेचे किती प्रकार असतात, प्लाय कितीची चांगली, दाराच्या बिजागऱ्या कुठे मिळतात, हे त्यांना गेल्या महिन्याभरात पाठ झालं होतं. गाण्याचा कागद टेबलावर पडलेला होता आणि त्यावर त्यांनी फेव्हिकॉलचा ब्रश ठेवला होता.

"मग मले आधी काहून नाई सांगितलं?"

"सांगून राहिली होती नं. तुम्ही ट्रे चिपकवून राहिले होते. मंग तणस. मंग गाई." तिने कागदावरचा ब्रश उचलून बाजूला ठेवला. "अन् ते मले अ‍ॅपी म्हणतात. कॉलेजात सूर्यावाली म्हणतात. माह्यं नाव कोणीच घेत नाई."

ती रडली नाही. बापासमोर रडायचं तिचं वय गेलं होतं आणि न रडायचं अजून यायचं होतं. मधल्या वयाची मुलगी करते तेच तिने केलं, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग थोड्या वेळाने, बहुधा काही तरी करायचं म्हणून, गुणगुणायला लागली. रेल्वेचं फाटक बंद असताना गर्दीत उभं राहून तिने स्वतःच केलेलं होतं ते.

'फाटक लागलं, गाडी येऊन राहिली,
पल्याड दिसतं माह्यं गाव.
अल्याड मी गर्दीत उभी,
कोणी तं विचारा माह्यं नाव.'

धर्मेंद्रना गाण्यातलं काही कळत नसे. आजवर तिचं गाणं त्यांनी कायम कशाच्या तरी सोबतीने ऐकलेलं, कूलर, कुकर, ऑटो, वरात. इथे दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी एवढ्या खटपटीने सगळे आवाज हाकलून लावले होते, आणि आता उरलेला एक त्यांना ऐकावाच लागला. दुसऱ्या कडव्याला त्यांनी नाक ओढलं. घामच असेल. तणसाने शिंकही येत होती, तीही आली.

बाहेर गोपिकाबाई घड्याळाकडे पाहत होत्या. "वामनराव," त्या अखेर म्हणाल्या, "काही तरी बिघडलं हाय."

"कायचं बिघडलं? शांत तं हाय सारं."

"म्हणूनच तं. आमचे हे इतका वेळ कोणावर खेकसल्याशिवाय राहतच नाई." आणि त्यांनी सरळ जाऊन दांडी ओढली. दार लगेच उघडलं.

बनियनवरचा नवरा मुठीसकट जमिनीवर बसलेला, डोळे लाल. मुलगी गात होती. बाहेरच्या हवेचा झोत आला तसे धर्मेंद्र एकदम उठले आणि म्हणाले, "हळू! गाणं चालू हाय, दिसत नाई काय?" मग आपण कुठे आहोत ते आठवून ते कूलरसमोर जाऊन आडवे झाले.

त्याच रात्री आइस्क्रीमचं दार भंगारात परत गेलं. आधीचं साधं दार लागलं.

नवं गाणं पोचलं नाही, तरी सूर्याच्या गाण्याच्या जोरावर कंपनीचा करार आला, तो पालकाच्या सहीसाठी. इथे मात्र मुंबईची गाठ वरिष्ठ लिपिकाशी पडली. धर्मेंद्रनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्रुटी काढल्या. पान तीनवर शिक्का अस्पष्ट. जोडपत्र 'ब' सोबत नाही. उमेदवाराचे नाव जन्मदाखल्याप्रमाणे नाही, कृपया दुरुस्त करून तीन प्रतींत फेरसादर करावे. नूपुरने दुरुस्त करून पाठवलं, तेव्हा त्यांनी मूळ त्रुटीचा संदर्भ क्रमांक मागितला. कचेरीत बाकीच्यांनी खुर्च्या ओढून भोवती बसत हा पत्रव्यवहार वाचला. अखेर नूपुर फोनवर म्हणाली, "सर, तुम्हाला नाहीच म्हणायचंय का?" आणि पहिल्यांदा मनापासून हसली. कंपनीने दुसरी कोणी तरी अ‍ॅपी शोधली.

फाटकाचं गाणं लॅपटॉपवर रेकॉर्ड झालंच होतं. त्यात एक शिंक होती, आणि शेवटी "हळू! गाणं चालू हाय," असं खेकसणंही. अपेक्षाने ते तसंच, स्वतःच्या पूर्ण नावाने, इंटरनेटवर टाकलं. सूर्याएवढं काही ते गाजलं नाही. पण रेल्वे फाटकावर अडकलेली माणसं ते लावू लागली, आणि कुहीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रामाजींनी पुढाकार घेऊन तिला बोलावलं. तिथे निवेदकाने माइकवर 'कुमारी अपेक्षा धर्मेंद्र लांजेवार' असं म्हटलं तेव्हा ती दोन क्षण जागची हलली नाही. मग स्टेजवर गेली. धर्मेंद्र त्या वेळी साउंडवाल्याशी भांडत होते.

खोली राहिली. शिलाई मशीन परत आत न्यावी असं गोपिकाबाई म्हणत होत्या, तेवढ्यात वामनराव एका संध्याकाळी आले. "जरा दहा मिनिटं बसू काय गा आत? सून हाय घरी. मले मोठ्यानं काही बोलाचं हाय." ते आत गेले, दार लावलं, आणि बाहेर आले तेव्हा चेहरा तीर्थाहून आल्यासारखा. हळूहळू बिल्डिंगभर झालं. रंभाबाईही येऊ लागल्या. साध्या दारातून आतलं सगळं बाहेर स्पष्ट ऐकू येई, पण दार लागलं आहे म्हणजे काहीच ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं. हॉलमध्ये कुंड्यांच्या मधे बसलेली माणसं छताकडे पाहत आपल्या पाळीची वाट बघत. धर्मेंद्रना स्वतःच्या घरात चप्पल ठेवायला जागा उरली नाही.

एकदा कचेरीतून आले ते फार चिडलेले. नव्या साहेबांनी चारचौघांत विचारलं होतं, "तुमची ती मुलगी, काय ते, सूर्या-बिर्यावाली?" धर्मेंद्रनी पिशवी ठेवली, रंभाबाईंना हाताने थांबवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

"नाव हाय तिले!" आतून आवाज आला. "अपेक्षा! सूर्यावाली नाई, बिर्यावाली नाई! अन् बम गाते ते! मले गाण्यातलं काही समजत नाई, तरी मी रडलो, समजलं काय साहेब? रडलो मी! घाम नव्हता तो!"

मग दार उघडलं. शर्ट नीट करत ते बाहेर आले. वामनराव छताकडे पाहत होते. रंभाबाई छताकडे पाहत होत्या. अपेक्षा दिवाणावर फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"पोट्टे, तोंड काहून लाल झालं तुह्यं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"ऊन लागलं, बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

बाहेर दिवे लागून बराच वेळ झाला होता. धर्मेंद्रनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लागलं असंन," ते म्हणाले, आणि कोणी न सांगताच तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.